मांजराची धाप उन्हावर ढकलू नये

मे महिन्यात किनवटचा पारा ४२-४३ अंशांच्या पुढे सरकतो. सागाचं रान पानं गाळून उघडं पडलेलं असतं, पैनगंगेचं पाणी डोहांपुरतं उरतं आणि दुपारच्या रस्त्यावर सावली धरून पडलेली कुत्री जीभ बाहेर काढून ल्हाल्ह्या करत असतात. त्यांच्याकडे कुणी वळून बघत नाही, बघण्याचं कारणही नाही. पण त्याच दुपारी घरातलं मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं, तरी घरचे तेच उत्तर देतात: ऊन आहे, त्यालाही गरम होत असेल. कुत्र्याच्या बाबतीत हे उत्तर बरोबर आहे. मांजराच्या बाबतीत ते फार घाईचं आहे, आणि या घाईत मांजराचा जीव जाऊ शकतो.

कुत्र्याची थंडाव्याची मुख्य सोय श्वासातच आहे. तो मिनिटाला तीनशेच्या आसपास उथळ श्वास घेतो आणि ओल्या जिभेवरून, नाकातल्या ओल्या अस्तरावरून हवा झपाझप फिरवतो. तिथलं पाणी वाफ होऊन जाताना रक्तातली उष्णता सोबत नेतं. हा वेग त्याच्या छातीच्या मूळच्या लयीशी जुळलेला असल्यामुळे स्नायूंना फारसे कष्ट पडत नाहीत. मांजराचा मार्ग वेगळा आहे. घाम फक्त पंजांच्या गाद्यांना येतो, तेवढ्याने अंग थंड होत नाही. खरं काम करतं ते अंग चाटणं. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतल्या अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी २०१८ साली मांजरांच्या जिभेवरच्या काट्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे काटे टोकाशी खोलगट असतात, त्या खोबणीत लाळ भरते आणि चाटताना ती केसांच्या मुळापर्यंत पोचते. मांजराला लागणाऱ्या थंडाव्याचा सुमारे चौथा हिस्सा या लाळेच्या बाष्पीभवनातून मिळू शकतो, असा त्यांचा अंदाज आहे. माठाच्या अंगावर पाझरलेलं पाणी आतलं पाणी गार करतं, तसंच हे काम चालतं. म्हणूनच उन्हाळ्यात मांजर जास्त वेळ अंग चाटताना दिसतं, आणि ते चाटणं तब्येत ठीक असल्याचं लक्षण आहे.

शिवाय मांजराला उष्णता नवी नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवलं, की जगभरची पाळीव मांजरं पश्चिम आशियातल्या कोरड्या प्रदेशातल्या रानमांजरांपासून आलेली आहेत. वाळवंटाच्या कडेला जगलेल्या त्या प्राण्याने पाणी वाचवणारी मूत्रपिंडं कमावली आणि दुपारी हालचालच न करण्याची शिस्तही. माणसाला नकोशी वाटणारी तीसपेक्षा जास्त अंशांची हवा निरोगी मांजर सहज झेलतं. त्याहून ताप वाढला की ते शहाबादी फरशीवर पोट टेकून पसरतं, खाटेखाली किंवा न्हाणीघराच्या ओल्या कोपऱ्यात जाऊन बसतं, संध्याकाळपर्यंत उठत नाही. तोंड उघडणं या यादीत अगदी शेवटी येतं.

यावर पहिला आक्षेप भौतिकशास्त्राचा असेल, आणि तो वजनदार आहे. मांजराच्या शरीराचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं. बाहेरची हवा ४३ अंशांची असेल तर सावलीत पसरून उष्णता बाहेर जाणार नाही, उलट आतच येईल. मग बाष्पीभवनाशिवाय उपाय कोणता? हे अगदी खरं आहे, आणि म्हणूनच उन्हाने लागलेली धापसुद्धा नेहमीचीच म्हणून सोडून देता येत नाही. चाटणं, पसरणं, लपणं हे सगळं अपुरं पडल्यावर मांजर तोंड उघडतं. पत्र्याच्या घरात कोंडलेलं, पिंजऱ्यात किंवा बंद गाडीत ठेवलेलं मांजर या टोकाला पोचतं, कारण त्याला गार कोपरा शोधायची मोकळीक नसते. दारं-खिडक्या लावून कूलर सुरू ठेवला तर खोलीतली हवा दमट होते आणि दमट हवेत लाळ लवकर वाळत नाही. पावसाच्या तोंडावरच्या जूनमध्ये पारा उतरलेला असूनही जीव घाबरा होतो, तो याच कारणाने. थोडक्यात, कारण ऊन असेल तर मांजर उष्माघाताच्या उंबरठ्यावर आहे, आणि ऊन नसेल तर छातीत काहीतरी बिघडलेलं आहे. दोन्हीकडून धाप ही धोक्याचीच खूण ठरते.

दुसरा आक्षेप जंगलातून येतो. पैनगंगा अभयारण्य किनवटच्या जवळच आहे, आणि वाघ उन्हाळ्यात तोंड उघडून धापा टाकतो हे चित्रफितींत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. वाघ मांजराच्याच कुळातला, मग मांजराने तसं केलं तर बिघडलं कुठे? उत्तर आकारात आहे. ४ किलोच्या मांजरापेक्षा २०० किलोचा वाघ वजनाने पन्नासपट आहे, पण अंगाचं प्रमाण तेच धरलं तर त्याची कातडी जेमतेम चौदापट भरते. म्हणजे प्रत्येक किलोमागे उष्णता बाहेर टाकायला वाघाकडे मांजराच्या जवळपास चौथा हिस्सा कातडी आहे. त्याला धापावं लागतं आणि तासन्‌तास पाण्यात बसावंही लागतं. चार किलोच्या मांजराला ती गरज नाही. वाघावरून मांजराचा अंदाज बांधला, तर नातं बरोबर धरूनही निष्कर्ष चुकतो.

मग धापणाऱ्या मांजराच्या छातीत काय घडत असतं? निरोगी मांजर नाकानेच श्वास घेतं. तोंड उघडावं लागलं याचा अर्थ हवा पुरत नाही. दमा हे त्याचं एक मोठं कारण. मांजर जमिनीला चिकटून बसतं, मान पुढे ताणतं, खोकतं, आणि घरचे म्हणतात घशात केस अडकले. चुलीचा धूर, उदबत्ती, डासांची कॉइल यांनी हा दमा चाळवतो. दुसरं कारण हृदयाचं. हृदयाच्या भिंती जाड होण्याचा विकार मांजरांत इतका सर्रास आहे, की लंडनमध्ये वरवर निरोगी दिसणाऱ्या सुमारे हजार मांजरांच्या तपासणीत जवळपास दर सातांतल्या एकात तो सापडला. २०१५ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदय थकलं की फुप्फुसांत किंवा त्यांच्या भोवती पाणी साचतं आणि धाप हीच अनेकदा पहिली तक्रार असते.

या भागात विषबाधेचाही विचार करावाच लागतो. हा पट्टा कापसाचा आहे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकऱ्यांचे जीव गेले, हे इथे कुणी विसरलेलं नाही. फवारणी झालेल्या शेतातून फिरून आलेलं मांजर अंग चाटतं. जी सवय एरवी थंडावा देते, तीच इथे विष पोटात नेते. तोंडातून लाळेच्या तारा, बारीक झालेल्या बाहुल्या, थरथर आणि धाप एकत्र दिसली तर क्षणभरही थांबू नये. कुत्र्याच्या गोचिडांवरची काही औषधं मांजराच्या अंगावर लावली तर तीही जिवघेणी ठरतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, अंग गरम लागलं म्हणून मायेपोटी दिलेली पॅरासिटामॉलची गोळी. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही. रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड सुजतं, मांजर धापू लागतं. माणसाची एक गोळी त्याचा जीव घ्यायला पुरते.

तरी काही घरांतून ठामपणे सांगितलं जाईल, की आमचं मांजर दर उन्हाळ्यात धापतं आणि तरी ठणठणीत आहे. तसं असेलही. पिल्लू भरपूर खेळल्यावर धापतं, पिशवीत घालून एसटीने नेलेलं मांजर भीतीने धापतं, आणि दोन्ही प्रकार विसाव्यानंतर काही मिनिटांत थांबतात. पण आजार लपवणं हा मांजराचा स्वभाव आहे, त्यामुळे ‘ठणठणीत’ हा शब्द तपासून घ्यावा लागतो. तपासणी फुकट आहे: मांजर गाढ झोपलेलं असताना छातीचे हेलकावे पूर्ण मिनिटभर मोजायचे. तीसच्या आत असतील तर दिलासा आहे. चार-पाच दिवस मोजूनही आकडा तीसच्या वर राहत असेल, तर उन्हाला दोष देऊन चालणार नाही.

जिभेचं टोक बाहेर राहणं ही मात्र वेगळी गोष्ट. श्वास शांत, तोंड जवळजवळ मिटलेलं आणि ओठांत जिभेची गुलाबी कड दिसते आहे, असं डुलकीत किंवा चाटताचाटता थबकल्यावर होतं. पुढचे दात पडलेल्या म्हाताऱ्या बोक्याचं तर नेहमीचंच. एखादा वास हुंगून मांजर वरचा ओठ आक्रसून, तोंड अर्धं उघडं ठेवून क्षणभर थिजतं, तेव्हा ते टाळूतल्या वास ओळखणाऱ्या इंद्रियाकडे हवा नेत असतं. यांत काळजीचं काही नाही. काळजी करायची ती जिभेसोबत लाळ, दुर्गंधी किंवा खाणं सोडणं दिसलं तर. हिरड्यांचा दाह, जिभेवरचे व्रण किंवा जिभेखाली गुंतलेला शिवणाचा दोरा असू शकतो. संक्रांतीनंतर मांजाही. तो दोरा ओढू नये, त्याचं दुसरं टोक आतड्यात असू शकतं.

उन्हाने धापणारं मांजर गार जागी नेऊन साध्या पाण्याने पंजे, पोट, कान ओले करावेत आणि पंखा लावावा. बर्फ नको, तोंडात पाणी ओतणंही नको. ऊन नसताना धाप लागली असेल तर ओलं करण्यात वेळ घालवू नये. किनवटसारख्या ठिकाणी पशुवैद्यकीय दवाखान्यातली बहुतेक गर्दी गाई-बैल आणि शेळ्यांची असते, सोनोग्राफीसारख्या तपासण्यांसाठी नांदेड किंवा उदगीर, परभणीची पशुवैद्यकीय महाविद्यालयं गाठावी लागतात, आणि तो प्रवास काही तासांचा आहे. धापेने दमलेल्या मांजराला तो झेपेलच असं नाही. म्हणून आधी स्थानिक डॉक्टरांना गाठावं, धाप चालू असतानाची चित्रफीत मोबाईलवर घेऊन त्यांना दाखवावी, काय खाल्लं आणि कुठल्या शेतातून आलं ते सांगावं. नेताना हवा खेळणारी टोपली आणि वर पातळ कापड पुरे. छातीवर दाब येईल असं कवटाळू नये, कारण त्या वेळी त्याच्याकडे असलेला प्रत्येक श्वास त्याला लागणार आहे.