बक्षीसपत्रातली एक अट

रविवारी मी आमच्या गावाजवळच्या वृद्धाश्रमात पेपर वाचून दाखवायला जातो. तिथल्या एका आजींनी घर मुलाच्या नावावर केलं आणि वर्षभरात त्यांची रवानगी इथे झाली. आता तो आश्रमाचे पैसेही भरत नाही. "पोटच्या पोराला कोर्टात खेचू का रे?" त्या विचारतात.

कोर्टाची पायरी चढावी लागत नाही, हेच अनेकांना ठाऊक नसतं. स्वतःच्या उत्पन्नात भागत नसेल, तर 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. स्वतः जाणं झेपत नसेल, तर दुसऱ्याला अधिकार देता येतो. दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मंजूर होऊ शकतो. मूलबाळ नसेल, तर मालमत्ता ज्याच्याकडे आहे किंवा जाणार आहे, त्या नातेवाइकावर जबाबदारी येते.

आजींसाठी महत्त्वाचं ते कलम 23. सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं घर, अट मोडल्यास न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकतं. आजींच्या कागदात ती अट आहे का, हे आम्ही आधी पाहतो आहोत.

आश्रमातच हेळसांड होत असेल, तर 14567 ही मोफत हेल्पलाइन आहे. आणि घर मुलांच्या नावावर करणार असाल, तर सांभाळण्याची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्या.