बेचाळीस दिवसांचा पहारा

मूल जन्मल्यानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्याच्या घरी जावे, त्याला तोलावे, त्याचा ताप आणि श्वास मोजावा व आईची विचारपूस करावी, असा दंडक केंद्र सरकारने २०११ साली मुकर्रर केला आणि तो पाळण्याचे काम आशा स्वयंसेविकांवर सोपवले. संपादकांनी मला पाठवले होते ते पुण्यातील जुन्या प्रसूतिगृहांविषयी लिहावे म्हणून. परंतु तेथून दोन-तीन दिवसांत घरी रवाना होणाऱ्या बाळंतिणीचे पुढे काय होते, हा प्रश्न एकदा मनात शिरल्यावर इमारतींकडे लक्ष लागेना, आणि पर्वतीच्या उतारावरील जनता वसाहतीत एका आशाताईंच्या मागून पायऱ्या चढण्यातच माझा बहुतेक वेळ गेला.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो पुणेकरांना ठाऊक आहे, निदान ठाऊक असावयास हवा. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा गरोदर राहिलेल्या विधवेला निर्भयपणे बाळंत होता यावे अशी जागा या शहरात नव्हती. तेथे काशीबाईंना झालेल्या मुलाला त्या दांपत्याने दत्तक घेतले आणि हाच यशवंत पुढे डॉक्टर झाला. १९०९ साली स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांसाठी परिचारिकेच्या शिक्षणाचा मार्ग खुला केला. रास्ता पेठेतील के.ई.एम. रुग्णालयात डॉ. बानू कोयाजी १९४४ साली रुजू झाल्या तेव्हा ते सुमारे ४० खाटांचे लहानसे प्रसूतिगृह होते. पुढील काळात त्यांनी ते नावारूपाला आणले, ही गोष्ट मोठीच. पण मला त्याहून मोठी वाटते ती सत्तरीच्या दशकात त्यांनी वढूच्या परिसरात उभी केलेली ग्रामीण आरोग्याची व्यवस्था. रुग्णालय कितीही विस्तारले तरी त्याच्या दारापर्यंत न पोचणाऱ्या स्त्रीला त्याचा उपयोग नाही, हे ओळखून त्यांनी गावातल्याच माणसांना आरोग्याचे शिक्षण दिले. १९९३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला, त्यामागे हे काम होते.

गृहभेटींचा हा दंडक मात्र पुण्याचा नव्हे, तो गडचिरोलीचा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने तेथील ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बालकाची परीक्षा आणि प्राथमिक उपचार शिकवले, आणि तिसऱ्या वर्षाअखेर या गावांतील नवजात मृत्यूचे प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी उतरल्याचा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. अरण्यातल्या खेड्यांसाठी सिद्ध झालेली ही पद्धत आज महानगराच्या डोंगरउतारावर चालते आहे.

आता आशाताईंकडे वळतो. त्यांच्या पिशवीत तापमापक असतो, घड्याळ असते, झोळी लावून टांगायचा वजनकाटा असतो. घरात शिरल्यावर त्या प्रथम साबण मागतात आणि हात कोपरापर्यंत धुतात. तोवर बाळाची आजी दोन तक्रारी सांगून मोकळी झालेली असते. ताप काखेत पाहायचा, नाळ कोरडी आहे ना आणि तिला हळद-तेल काही लावलेले नाही ना हे पाहायचे, झोळीत घालून वजन घ्यायचे, बाळ अंगावर नीट ओढते की नाही ते पाजताना समोर बसून पाहायचे, हे सारे त्या बोलत बोलत उरकतात. परंतु श्वास मोजण्याची वेळ आली की त्या सर्वांना गप्प बसवतात. बाळ शांत असले पाहिजे, रडत किंवा पीत असता कामा नये. त्याचे अंगडे वर करून, पोटाच्या हालचालीवर नजर ठेवून, पूर्ण ६० सेकंद मोजायचे. अर्धे मिनिट मोजून दुप्पट करण्याची पळवाट येथे चालत नाही, कारण नवजात अर्भकाचा श्वास एका लयीत चालतच नाही: ते मध्येच काही क्षण थांबते, पुन्हा भराभर घेते, आणि नेमके थांबण्याचे किंवा धावण्याचे क्षण तेवढे हाती लागले तर हिशेब साफ चुकतो. मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास भरले तर पुन्हा मोजायचे; दुसऱ्यांदाही तेवढेच भरले, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असली, तर रुग्णालयाची वाट धरायची.

या एका मिनिटाने मला जितके खिळवून ठेवले तितके कोणत्याही यंत्राने ठेवलेले नाही. शेजारी दूरदर्शन संच चालू, बोळात पाण्यासाठी भांडी लागलेली, आणि आशाताई ओठ न हलवता मोजताहेत. मोजून झाल्यावर त्यांनी आकडा वहीत लिहिला, तेव्हा आजीने विचारले, “ताई, नुसतं बघून नाही का कळत?” त्या म्हणाल्या, “कळतं आजी, पण उशिरा कळतं.”

या भेटींचे वेळापत्रक आपल्या जुन्या वहिवाटीशी नकळत जुळलेले आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. पाचवीचे पूजन, सहाव्या रात्री ललाटावर लेख लिहिणारी सटवाई, बाराव्या दिवसाचे बारसे आणि सव्वा महिन्याची बाळंतिणीची खोली या साऱ्या योजनेत पहिल्या आठवड्याचे भय स्पष्ट दिसते. ज्या पूर्वजांनी त्या रात्री दिवा जागता ठेवला त्यांना धोका केव्हा असतो हे अनुभवाने कळलेले होते. म्हणून समंजस आशाताई शेक-शेगडीला विरोध करीत नाहीत. बंद खोलीतली धुरी, पहिल्या चिकाऐवजी चाटवलेला मध आणि उगाळून पाजलेली गुटी यांनाच तेवढा विरोध करतात, आणि अळीव, डिंकाचे लाडू यांच्या जोडीला पालेभाजी बंद करू नका असे बजावतात. या शेवटच्या सूचनेला या प्रदेशात विशेष आधार आहे: के.ई.एम.च्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या ६ गावांत आरंभलेल्या अभ्यासात, गरोदरपणी हिरव्या भाज्या, फळे आणि दूध वारंवार घेणाऱ्या स्त्रियांची मुले जन्मतः अधिक भरलेली आढळली होती.

परंतु ही व्यवस्था एक गोष्ट गृहीत धरते, ती म्हणजे स्त्री एका पत्त्यावर राहते. आणि महाराष्ट्रातली स्त्री बाळंतपणात नेमकी त्या पत्त्यावर नसते. पहिलटकरीण माहेरी जाते. पर्वतीच्या पायथ्याशी तिची नोंद होते, लोहाच्या गोळ्या आणि धनुर्वाताची लस तिला येथे मिळते, दर महिन्याच्या ९ तारखेला होणारी डॉक्टरांची तपासणीही येथे होते, आणि सातव्या-आठव्या महिन्यात ती बीड किंवा सोलापूर जिल्ह्यातल्या आईकडे निघून जाते. परतते ती मूल तीन महिन्यांचे झाल्यावर. ज्या ४२ दिवसांसाठी हा सारा खटाटोप, ते दिवस पुण्याच्या वहीत कोरे राहतात. याच्या उलट, पुण्यात माहेर असलेल्या लेकी ऐन दिवसांत येथे येऊन दाखल होतात आणि त्यांची मागील नोंद कोणाच्याच हाती नसते. असते ते फक्त माता-बाल संरक्षण कार्ड, तेही सासरी विसरले नसेल तर. वाघोली-मुंढव्याकडच्या बांधकामांवर राहणाऱ्या मजूर स्त्रियांची अवस्था याहून कठीण, कारण काम संपताच त्यांचा पत्ताच नाहीसा होतो.

दुसरी अडचण मोबदल्याची आहे, आणि ती लिहिताना मला संताप आवरत नाही. आशांना वेतन नाही, कामागणिक मोबदला आहे. एका बाळाच्या सर्व गृहभेटींसाठी २०११ च्या सूचनांनी २५० रुपये ठरवले, आणि ते देण्याच्या अटींत जन्मवजनाची नोंद, जन्मनोंदणी आणि लसीकरण यांच्या जोडीला आई व मूल बेचाळिसाव्या दिवशी सुखरूप असणे हीदेखील अट घातली. विसाव्या दिवशी जे मूल दगावले, त्याच्यासाठी चढलेल्या पायऱ्या या अटीने हिशेबातून वगळल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली देशभरातील आशांचा गौरव केला. २०२३ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातील आशांना मोबदल्यासाठी संपावर जावे लागले.

माहेरच्या अडचणीवर आशाताईंनी आपल्यापुरता मार्ग काढला आहे. गरोदर बाई गावी निघाली की त्या तिच्या आईचा दूरध्वनी क्रमांक लिहून घेतात, आईकडून गावच्या आशाचा मिळवतात आणि बाईचे नाव, रक्तातील हिमोग्लोबिन, मागील गर्भपात असल्यास तो, सारे इत्थंभूत कळवतात. बाळंत झाल्याचा निरोप आला की पुन्हा फोन करून पहिली भेट झाली का याची रुजुवात घेतात. हे काम त्यांना कोणी सांगितलेले नाही आणि त्यासाठी मोबदल्याच्या तक्त्यात रकाना नाही. महापालिकेने आणि जिल्हा परिषदांनी हा रकाना उघडावा, ‘माहेरी रवाना’ आणि ‘माहेरी दाखल’ अशा दोन नोंदी दप्तरात सक्तीच्या कराव्यात, आणि निरोप पाठवणारी व भेट देणारी अशा दोघींनाही त्यांचा मोबदला, मूल जगो वा न जगो, वेळेवर द्यावा. मी निघालो त्या दिवशी आशाताईंच्या वहीत माहेरी गेलेल्या तिघींची नावे होती आणि त्यांतल्या एकीच्या गावचा फोन लागत नव्हता.