समाजमाध्यमांवरील मजकुराची पारख

बाजारातून आणलेल्या दुधात पाणी आहे की नाही, हे नुसत्या रंगावरून सांगता येत नाही. त्याकरिता दुग्धमापक बुडवून पाहावा लागतो. मोबाइलवर येणाऱ्या संदेशांची गोष्ट याहून निराळी नाही. भेसळीच्या दुधातही दूध असतेच. त्याचप्रमाणे दिशाभूल करणाऱ्या संदेशात बहुधा सत्याचा काही अंश असतो, आणि त्या अंशामुळेच उरलेल्या असत्यावर आपला विश्वास बसतो. ही भेसळ कशी केली जाते व साध्या साधनांनी ती कशी ओळखावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

म्हैसूर व बंगळूर, २०१२

इ. स. २०१२ च्या जुलै महिन्यात आसामातील कोक्राझार भागात दंगली उसळल्या. पुढे १४ ऑगस्ट रोजी म्हैसूर येथे एका तिबेटी तरुणावर चाकूहल्ला झाला. या दोन्ही घटना खऱ्या होत्या. परंतु त्यांच्या आधारे, ईशान्य भारतातील लोकांवर लवकरच सर्वत्र हल्ले होणार आहेत, अशा आशयाचे लघुसंदेश पसरले. त्याच दिवसांत इंटरनेटवर फिरणाऱ्या एका छायाचित्रात प्रेतांच्या राशीजवळ उभे असलेले बौद्ध भिक्षू दिसत. ते म्यानमारमधील हत्याकांडाचे चित्र म्हणून दाखविले जाई. वस्तुतः ते इ. स. २०१० मध्ये चीनमधील युशू येथे झालेल्या भूकंपानंतरचे होते. भयभीत झालेले हजारो विद्यार्थी व कामगार गुवाहाटीच्या गाड्यांनी कर्नाटक सोडून गेले. अखेरीस १७ ऑगस्ट रोजी केंद्र शासनाने एकगठ्ठा लघुसंदेशांवर पंधरा दिवसांची बंदी घातली.

राईनपाडा, २०१८

याहून भीषण प्रसंग महाराष्ट्रात घडला. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा इ. स. २०१८ च्या उन्हाळ्यात व्हॉट्सॲपवरून गावोगाव पोहोचली होती. १ जुलै रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला असता नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकरी तेथे आले. त्यांतील बहुतेक मंगळवेढे तालुक्यातील होते. जमावाने त्यांना मुले पळविणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले व ठार मारले. या खटल्यात २०२४ मध्ये धुळे येथील न्यायालयाने सात जणांना जन्मठेपेची शिक्षा दिली.

त्या वर्षी या अफवेसोबत देशभर फिरलेली एक चित्रफीत विशेष अभ्यासण्याजोगी आहे. मोटारसायकलवरील दोघे जण रस्त्यातील मुलाला उचलून नेतात, असे तीत दिसते. ही फीत मुळात कराचीतील एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी मुद्दाम बनविली होती. मूळ फितीच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि जागृतीचा फलक दाखवितात. नेमका हा शेवट कोणीतरी कापून टाकला होता. आणखी एका फितीत दाखविलेली मुलांची प्रेते इ. स. २०१३ मध्ये सीरियातील घौटा येथे झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यातील होती. एकाही चित्रात नवे काही रंगविलेले नव्हते. खोटी होती ती चित्रांना जोडलेली हकीकत.

परीक्षेचे चार प्रश्न

वरील उदाहरणांवरून परीक्षेचे चार प्रश्न निघतात. पहिला प्रश्न असा: हे चित्र कोठले व केव्हाचे? गूगलसारख्या शोधयंत्राला शब्दांऐवजी चित्रच देऊन शोध घेता येतो. यंत्र चित्रातील आकार, रंग व रेषा यांचे संख्यांत रूपांतर करून आपल्या संग्रहातील चित्रांशी ते ताडून पाहते. तेच चित्र पूर्वीच्या तारखेला अन्यत्र आढळले, तर आज येथे घडल्याचा दावा तत्क्षणी ढासळतो. चित्रफितीची परीक्षा करताना तिच्यातील एखादे दृश्य स्थिर करून तेच करावे. दुकानांच्या पाट्यांची लिपी आणि वाहनांचे क्रमांकही पाहावेत.

दुसरा प्रश्न: काय वगळले आहे? तुकडा मिळाला असेल, तर अखंड मूळ शोधावे. एकाएकी संपणारी फीत संशयास्पद समजावी.

तिसरा प्रश्न: हे सांगणारा कोण, आणि स्वतंत्र साक्षी किती? एकच मजकूर शंभर जणांकडून आला म्हणजे शंभर साक्षीदार मिळाले, असे होत नाही. शुद्धलेखनाच्या चुकांसह तेच शब्द सर्वत्र दिसत असतील, तर त्यांचे मूळ एकच समजावे. अनेक खात्यांवरून तोच मजकूर एकाच वेळी प्रसृत होत असेल आणि ती खाती नुकतीच उघडलेली असतील, तर त्यामागे कोणाची तरी योजना असण्याचा संभव मोठा असतो.

चौथा प्रश्न: हा संदेश माझ्याकडून काय करवू पाहतो? भय, संताप आणि घाई ही त्रयी जेथे एकत्र दिसेल तेथे थांबावे. ‘ताबडतोब सर्वांना पाठवा’ ही आज्ञा विचाराला अवसर मिळू नये म्हणूनच असते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी इ. स. २००६ ते २०१७ या काळातील सुमारे १,२६,००० वार्तांचा ट्विटरवरील प्रवास तपासला. असत्य वार्ता सत्य वार्तांपेक्षा अधिक दूर व अधिक वेगाने जातात, आणि त्यांच्या या प्रसाराला यंत्रांपेक्षा माणसेच अधिक कारणीभूत होतात, असे त्यांना आढळले. नवलाची गोष्ट सांगण्याची ओढ हे त्याचे एक कारण असावे, असे त्यांचे मत आहे.

अलीकडे संगणकाकरवी संपूर्ण कृत्रिम चित्रे व आवाजही तयार करता येतात. बोटांची चुकीची संख्या यांसारख्या खुणा आता पुरेशा राहिल्या नाहीत. तथापि मूळ कोठले, सांगणारा कोण आणि हेतू काय, हे प्रश्न तेथेही तितकेच उपयोगी पडतात.

अनिर्णीत राहिल्यास

प्रत्येक परीक्षेचा निकाल लागेलच असे नाही. संदेश आपल्याला अप्रिय आहे म्हणून तो खोटा ठरत नाही, आणि प्रिय आहे म्हणून खराही ठरत नाही. निर्णय होत नसेल, तर तो पुढे न पाठविणे हेच शास्त्रीय वृत्तीला धरून आहे. खरोखर धोका वाटत असेल, तर पोलिसांना कळवावे. स्वतः न्यायनिवाडा करू नये. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठविण्याची मर्यादा घातली, आणि २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. अशा योजनांनी वेग कमी होतो. खऱ्याखोट्याचा निवाडा मात्र वाचकालाच करावा लागतो.

राईनपाड्याची घटना घडली त्याच दिवशी, त्याच अफवेमुळे, मालेगाव येथेही जमावाने पाच जणांना घेरले होते. त्यांत दोन वर्षांचे मूल होते. तेथील एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात आसरा दिला, पोलीस आले, आणि पाचही जण वाचले. संशय आल्यावर शिक्षा करण्यापूर्वी थांबण्याचे मोल किती असते, हे या दोन गावांच्या तुलनेतून ध्यानी यावे.