सोयाबीनची पावती, निहालीचा आवाज

दिवाळीच्या तोंडावर खामगाव, चिखली, मेहकरच्या बाजार समित्यांत सोयाबीन येते ते भाव पाहून नव्हे, गरज पाहून. मळणी उरकलेली असते, कृषी सेवा केंद्राची उधारी डोक्यावर असते, हरभऱ्याचे बियाणे घ्यायचे असते. दाण्यात ओल जास्त, आवक एकदम, आणि भाव खाली. 2025-26 च्या हंगामासाठी हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये जाहीर झाला. सुरुवातीचे सौदे त्याच्या बऱ्याच खाली झाले.

यावरचा जुना उपाय म्हणजे तारण. माल गोदामात टाकायचा, पावती घ्यायची, तिच्यावर कर्ज उचलायचे आणि भाव आला की विकायचे. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990 पासून आहे. सोयाबीनवर किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांसाठी, सहा टक्के व्याजाने कर्ज मिळते. 1986 साली राधेश्याम चांडक यांनी सुरू केलेल्या बुलडाणा अर्बन पतसंस्थेने तर स्वतःची गोदामे बांधून या व्यवहाराला मोठे रूप दिले.

कृत्रिम बुद्धिमत्ता आणि ब्लॉकचेन यांच्या सांगडीवर लिहिताना मी सोयाबीनपासून सुरुवात करतो आहे, कारण ब्लॉकचेन हे तंत्र बुलढाण्याच्या शेतकऱ्याच्या सर्वांत जवळ येते ते याच पावतीतून. 2020 साली महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ आणि महाराष्ट्र राज्य सहकारी बँक यांनी 'व्हर्ल' या कंपनीच्या साहाय्याने ब्लॉकचेनवर नोंदवलेल्या वखार पावत्यांवर कर्ज द्यायला सुरुवात केली. कागदी पावतीची दुखणी सर्वांना ठाऊक आहेत : एकाच मालावर दोन ठिकाणी कर्ज, खोटी पावती, आधीच उचललेल्या मालावर बोजा. ब्लॉकचेन म्हणजे अनेकांच्या हाती एकाच वेळी असलेली नोंदवही. एकाने आपल्या प्रतीत खाडाखोड केली, तर ती बाकीच्यांच्या प्रतींशी जुळत नाही आणि नाकारली जाते. बँकेला खात्री मिळते, शेतकऱ्याचे हेलपाटे कमी होतात. हा फायदा खरा आहे.

पण नोंदवही पोत्यात हात घालत नाही. ओलावा 12 टक्के आहे की 15, डागी दाणा किती, काडीकचरा किती, हे गोदामात प्रतवारी करणारा माणूसच ठरवतो. त्याने चुकीचा आकडा लिहिला, तर ब्लॉकचेन तो चुकीचा आकडाच कायमचा जपून ठेवते.

हे ध्यानात ठेवून आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जगात काय चालले आहे ते पाहू. आज मोठी मॉडेल्स, ती चालवणारे संगणक आणि त्यांना शिकवणारा डेटा मूठभर कंपन्यांच्या ताब्यात आहे. ही मक्तेदारी मोडायची म्हणून 2017 साली बेन गोर्टझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्लॉकचेनवर 'सिंग्युलॅरिटीनेट' उभे केले. कोणीही आपले मॉडेल तिथे मांडावे, कोणीही टोकन, म्हणजे त्या जाळ्यावरचे डिजिटल नाणे, मोजून ते वापरावे, मधला मालक नसावा, अशी कल्पना. त्या वर्षीच्या डिसेंबरात त्यांच्या टोकनविक्रीत मिनिटभरात सुमारे 3 कोटी 60 लाख डॉलर जमा झाले. 'ओशन प्रोटोकॉल'ने डेटाच्या खरेदी-विक्रीसाठी तशीच व्यवस्था आणली, 'गोलेम'ने रिकाम्या संगणकांची ताकद भाड्याने देण्याची.

2021 मध्ये सुरू झालेले 'बिटटेन्सर' याहून पुढे गेले. तिथे 'मायनर' आपली मॉडेल्स चालवून उत्तरे देतात, 'व्हॅलिडेटर' त्या उत्तरांना गुण देतात आणि त्या गुणांवर 'टाओ' या टोकनची वाटणी होते. बिटकॉइनप्रमाणेच टाओची कमाल संख्या 2 कोटी 10 लाख ठरलेली आहे. रचना बुद्धिमान आहे, यात शंका नाही. पण गोदामातला प्रश्न इथेही तसाच उभा राहतो. उत्तर चांगले की वाईट हे ब्लॉकचेन ठरवत नाही, गुण देणारा ठरवतो. आणि ज्याच्याकडे किंवा ज्याच्या पाठीशी जास्त टोकन, त्याच्या गुणांना जास्त वजन.

जुलै 2024 मध्ये एका दूषित सॉफ्टवेअर पॅकेजमधून बिटटेन्सरच्या वापरकर्त्यांची खाती फोडली गेली आणि सुमारे 80 लाख डॉलरचे टोकन चोरीला गेले. चोरी थोपवण्यासाठी चालकांनी या ब्लॉकचेनवरचे व्यवहारच थांबवले. त्या क्षणी ते योग्यच होते. पण मालक नसलेले म्हणवणारे जाळे थांबवण्याची कळ काही थोड्यांच्या हाती होती, हेही सर्वांना दिसले.

विदर्भाच्या वाचकाला इथे सहकाराची आठवण व्हायला हवी. सहकारी संस्थेत भाग दहा असोत की हजार, मत एकच. भारतात 1904 च्या कायद्यापासून रुजलेले हे तत्त्व टोकनच्या जगात जवळपास सापडत नाही. तिथे जितके टोकन तितके मत. मला हा सर्वांत मोठा दोष वाटतो. अर्थात, एका मताने संस्था आपोआप निकोप राहत नाही. बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती बँकेला 2012 साली रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला, नव्या ठेवी घेण्यास मनाई केली, आणि ठेवीदारांचे जे हाल झाले ते जिल्हा विसरलेला नाही. सभासदांना मत होते, हिशेब मात्र वेळेवर दिसत नव्हता. उघडी, न खोडता येणारी नोंदवही इथे उपयोगी पडली असती. म्हणून मला सहकाराचे मत आणि ब्लॉकचेनची वही यांची जोड हवीशी वाटते.

या जोडीचा खरा कस भाषेच्या डेटावर लागेल. जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी जामोद, सोनबर्डी या भागात निहाली बोलली जाते. जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी तिचे नाते सिद्ध झालेले नाही. बोलणारे दोन-अडीच हजार. एफ. बी. जे. कायपर यांनी 1962 मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. पुढे आशा मुंडले यांनी शब्दसंग्रह केला, डेक्कन कॉलेजच्या शैलेंद्र मोहन यांनी अभ्यास केला. हे विद्वान शब्द टिपत होते ते ज्ञानासाठी. उद्या कोणी आवाज टिपायला येईल तो यंत्राला शिकवण्यासाठी, आणि त्या आवाजाला बाजारात किंमत असेल.

ही किंमत बोलणाऱ्यापर्यंत पोहोचू शकते, याचा मराठीत पुरावा आहे. 'कार्य' प्रकल्पाच्या संशोधकांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्रामीण आणि शहरी अल्प उत्पन्न गटातील लोक व विद्यापीठातले विद्यार्थी अशा 36 जणांकडून 109 तासांचे मराठी ध्वनिमुद्रण गोळा केले. गरीब माणसांचे काम विद्यार्थ्यांच्या तोडीचे निघाले. पुढे 'कार्य' संस्थेने डेटा पुन्हा विकला गेल्यास बोलणाऱ्याला त्यातला वाटा देण्याची पद्धत स्वीकारली. असा वाटा वर्षानुवर्षे, माणूस गाव सोडून सुरत-पुण्याला गेला तरी, त्याच्यापर्यंत पोहोचवायचा असेल, तर ब्लॉकचेनवरची नोंद हे चांगले साधन आहे. टोकनच्या सट्ट्यापेक्षा तिचा हा उपयोग मला कितीतरी मोलाचा वाटतो.

जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाॲग्री-एआय धोरण मंजूर केले. 2029 पर्यंतच्या या धोरणासाठी 500 कोटींची तरतूद आहे. म्हणजे पिकांचे फोटो, मातीच्या नोंदी, शेतकऱ्यांचे प्रश्न त्यांच्याच वऱ्हाडी बोलीत, हे सारे आता गोळा होणार. घाटावरच्या आणि घाटाखालच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांना, सेवा सोसायट्यांना माझी विनंती आहे : येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. सभासदांचा डेटा कोणालाही देताना लेखी करार, ठरलेला मोबदला आणि नको म्हणण्याचा हक्क असला पाहिजे, असा ठराव करा, आणि त्या कराराची वही प्रत्येक सभासदाला उघडून पाहता येईल अशी ठेवा.