सोबत्यांकडून मिळणारी माहिती

शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत असो वा परीक्षेचे बदललेले वेळापत्रक, विद्यापीठातील विद्यार्थ्याला ते सूचनाफलकापेक्षा मेसमध्ये वा कट्ट्यावर अगोदर कळते. तथापि नेहमीच्या चौघा मित्रांना बहुधा एकच गोष्ट ठाऊक असते. नवी वार्ता बरेचदा तोंडओळखीच्या माणसाकडून येते, हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली नोकरी मिळविणाऱ्यांच्या संदर्भात दाखवून दिले. साहजिकच, ज्याच्या घरातून प्रथमच कोणी महाविद्यालयात आले आहे आणि ज्याचे सोबतीही तसेच आहेत, त्याची यात मोठी हानी होते.

स्पर्धा परीक्षेची टिपणे जपून ठेवण्याची वृत्ती एक वेळ समजू शकते. परंतु अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी १९४४ पासून असलेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती पात्रतेवर मिळते. मित्राने अर्ज केला म्हणून आपली रक्कम घटत नाही. तेथे मौन अनाठायी होय. विचारले तर सोबती हसतील, या संकोचाने गप्प राहणारेही असतातच.

अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावयाचा असला, तरी उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडूनच घ्यावा लागतो व त्यास काही दिवस जातात. वरच्या वर्गातील विद्यार्थ्याने नवागतास हे प्रवेशाच्या दिवशीच सांगितले, तर तो दाखला मुदतीपूर्वी हाती येतो.