सवड झाली की चहा पिऊ

कॅन्टनी माणूस ओळखीच्याचा निरोप घेताना म्हणतो, ‘सवड झाली की चहा पिऊ.’ दिवस ठरत नाही, वेळ ठरत नाही. आपल्याकडच्या ‘या एकदा घरी’सारखेच हे. मात्र त्या वाक्यातला ‘सवड’ हा शब्द नीट ऐकला पाहिजे. दक्षिण चीनमधल्या ग्वांगचौ शहरातली, म्हणजे जुन्या पुस्तकांतल्या कॅन्टनमधली, चहागृहे त्या एका शब्दावर उभी राहिली. आज सुट्टीच्या दिवशी त्यांच्या दारात लागणाऱ्या रांगा त्याच शब्दाची परीक्षा पाहतात.

१७५७ ते १८४२ या काळात पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना चीनमध्ये हे एकच बंदर मोकळे होते. मुंबईचे पारशी व्यापारी इथे येत. जमशेटजी जीजीभॉय तरुणपणी अनेकदा आले. जगभर जाणारा चहा या धक्क्यावरून जात होता आणि गावातले हमाल, कारागीरही तो पीत होते. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यासाठी ‘दोन ली’ची दुकाने निघाली. ली म्हणजे चांदीच्या तोळ्यासारख्या एका मापाचा हजारावा भाग. एवढ्यात चहा मिळे, बसायला बाक मिळे. पुढे मजल्यांची चहागृहे आली. पैसेवाल्याने वर चढावे, नसलेल्याने खाली उकिडवे बसावे, अशी म्हणच पडली. १८८० साली सुरू झालेले ताओताओज्यु आणि १८८९ चे ल्येनश्यांग ही त्यातली नामवंत घरे शहराच्या लीवान या जुन्या भागात आहेत.

या चहापानाचे जुने माप होते ‘एक पेला, दोन जिन्नस’. झाकणाचा एक पेला आणि सोबत डिमसमचे दोन पदार्थ. डिमसम हे तोंडी लावणे. खरा कार्यक्रम बसण्याचा. म्हातारी माणसे सकाळी येत, वर्तमानपत्र उघडत, अनोळखी माणसाशी टेबल वाटून घेत. पाणी संपले की किटलीचे झाकण तिरके ठेवायचे, म्हणजे वाढप्याला हाक मारावी लागत नाही. कुणी चहा ओतला तर दोन बोटे टेबलावर हलकेच वाजवायची, तेच आभार. इतक्या खुणा रुजायला माणसे पुष्कळ वेळ एकत्र बसावी लागतात.

१९९९ पासून चीनमध्ये १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाला लांब सुट्टी जोडली गेली. पर्यटन वाढले, आणि ग्वांगचौला जाऊन सकाळचा चहा न घेणे म्हणजे पंढरपूरला जाऊन कळसाचेही दर्शन न घेण्यासारखे झाले. नामांकित घरांच्या बाहेर क्रमांकाची चिठ्ठी हातात धरून कुटुंबेच्या कुटुंबे स्टुलांवर बसलेली दिसतात.

ही रांग लवकर का सरकत नाही? एक कारण स्वयंपाकघरात आहे. कोळंबीचा हार गाऊ घ्या. त्याचे पीठ म्हणजे गव्हातला चिकटपणा काढून उरलेले सत्त्व. ते उकळत्या पाण्यात भिजवायचे, गरम असतानाच मळायचे, तेल लावलेल्या रुंद पात्याने दाबून पातळ पारी करायची, सारण भरून चुण्या घालायच्या. आपल्या उकडीच्या मोदकाशी नाते सांगणारे हे काम. पारी लगेच सुकते, म्हणून ढीग करून ठेवता येत नाही. वाफवायला काही मिनिटे पुरतात, पण हात वाढवायला वर्षे लागतात. वसंतोत्सवात तर गर्दी वाढते आणि परगावचे कामगार नेमके तेव्हाच घरी जातात. मग मध्यवर्ती कारखान्यातून गोठवून आणलेले डिमसम हा सोपा मार्ग ठरतो. म्हणूनच काही घरे ‘मागणीनंतर हाताने केलेले’ अशी पाटी अभिमानाने लावतात.

दुसरे कारण टेबलावर आहे. इथे चहाचे पैसे माणशी घेतात आणि पदार्थांचे लहान, मध्यम, मोठा अशा दर्जांनी. दोन जिन्नस घेऊन सकाळभर बसणारे आजोबा आणि बारा करंड्या मागवणारे प्रवासी कुटुंब यांत मालकाला कोण परवडते, हे सांगायला नको. सुट्टीत काही ठिकाणी बसण्यावर वेळेची मर्यादा येते. टेबल वाटून घेण्याची जुनी रीतही अशा वेळी सौजन्य न राहता सक्ती होते.

दोष पाहुण्यांचा नाही. ते ज्यासाठी येतात ती गोष्ट खरी आहे. पण ती करंडीत नाही. ती करंडी रिकामी झाल्यावरही कुणी उठवत नाही, या भरवशात आहे. रांग जितकी लांब, तितका तो भरवसा कमी. म्हणून जाणती गावकरी मंडळी सुट्टीत नामांकित घरांची वाट सोडतात आणि गल्लीतल्या साध्या चहागृहात पहाटेच जाऊन बसतात. तिथे पेला एकच असतो, जिन्नस दोनच असतात, आणि वाढपी झाकण तिरके झालेले दुरून ओळखतो.