स्क्रोल करताना तेच पुस्तक पुन्हा का दिसतं?

जुनी पुस्तकं विकण्यासाठी मी एक छोटी वेबसाइट बनवली होती. सुरुवातीची पानं झटकन उघडायची, पण बरंच खाली गेलं की नुसतं चक्र फिरत राहायचं. वर तेच पुस्तक पुन्हा दिसायचं!

घोळ ऑफसेटचा होता. समजा, 'पहिल्या 50,000 नोंदी सोडून पुढच्या 20 दे' असं सांगितलं, तर डेटाबेस सोडायच्या नोंदीही आधी वाचतो, मग टाकून देतो. त्यात वर नवीन पुस्तक आलं की अख्खी यादी एक घर खाली सरकते आणि आधी पाहिलेलं पुढच्या पानावर परत येतं.

उपाय सोपा आहे. पुस्तकात खूण ठेवतो तसा शेवटच्या नोंदीचा आयडी लक्षात ठेवायचा आणि 'याच्यापेक्षा लहान आयडीच्या 20 दे' असं विचारायचं. आयडीवर इंडेक्स असल्याने डेटाबेस थेट तिथे पोचतो. पान दुसरं असो की दोन हजारावं, वेळ जवळपास तेवढाच.

यादी तारखेनुसार लावत असाल तर तारीख आणि आयडी दोन्ही वापरा आणि दोन्हींचा मिळून इंडेक्स करा. नाहीतर एकाच वेळी आलेल्या दोन नोंदींपैकी एखादी सुटू शकते.

तोटा असा की थेट 500व्या पानावर उडी मारता येत नाही. पण फोनवर आपण तशी उडी कधी मारतो?